मॅडम, इंटरव्ह्यूला ब्लेझर लागतोच का?

रिझल्ट लागायचे दिवस आले की आयटीआय, डिप्लोमावाली पोरं माझ्याकडे इंटरव्ह्यूच्या तयारीला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ बघून आधीच घाबरलेली असतात बिचारी.

पारोळ्याकडचा एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), मेकॅनिकल डिप्लोमा, मार्क चांगले. जळगाव एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीच्या पोस्टला जाऊन आला, झालं नाही, मग वडील त्याला घेऊन माझ्याकडे. वडील म्हणे, "ताई, कोट दाजीचा नेला होता, मापाचा नव्हता, म्हणून काढलं का हो याला? घरात थोडा कापूस ठेवलेला आहे, विकतो आणि नवा शिवून टाकतो." पोरगा खाली बघून एवढंच बोलला, "माले काहीच सुचनं नही."

मी म्हटलं कापूस राहू द्या, उद्या हा त्याच कपड्यांत माझ्याकडे येऊ दे. आला. बाहेर ऊन चव्वेचाळीस डिग्री आणि याच्या अंगावर साखरपुड्यातला ब्लेझर, बाह्या पार बोटांपर्यंत. व्हर्निअरचा (बारीक माप घ्यायच्या साधनाचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर कमीत कमी किती माप मोजता येतं, ते विचारलं तर आधी बाही वर ओढली, मग घाम पुसला, मग पाठ केलेलं इंग्रजी सुरू झालं आणि दुसऱ्या वाक्यातच अडकलं. म्हटलं काढ तो कोट, पाणी पी, हा पेन घे आणि जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला पार्ट, कसा मोजतोस ते मराठीत सांग. तर गडी सुरूच झाला, आधी जबडे बंद करून झिरो एरर बघायचा, मग मेन स्केल, मग व्हर्निअरची कुठली रेघ जुळते ती बघायची, आमच्या लॅबचं ०.०२ एमएमचं होतं, मायक्रोमीटर ०.०१ चं. मला निम्मं कळलं नाही, पण याला येतं हे मात्र कळलं.

आता कपड्यांचं. प्लांटच्या नोकरीला फिकट रंगाचा फुल शर्ट, डार्क पॅन्ट, बेल्ट, पॉलिश केलेले काळे बूट, बस. मापाचं पाहिजे, आणि आधी एकदोनदा घालून दिवसभर वावरलेलं पाहिजे, नवाकोरा शर्ट त्याच दिवशी फोडू नका, कॉलर टोचत राहते. हातातलं कडं, अंगठ्या घरी ठेवा, फिरत्या मशीनवर अशा वस्तू आणि ढगळ बाह्या अडकून अपघात होतात, त्यामुळे फ्लोअरवर काम केलेल्या माणसाची नजर आधी तिकडेच जाते. मोटरसायकलवर जाणार असाल तर तोंडाला बांधलेला रुमाल गेटवरच सोडा, तोंड धुवा, केस नीट करा. मुलींनी साडीच नेसली पाहिजे असं काही नाही, साधा ड्रेस चालतो, फक्त ओढणी पिनअप करा. बँक, सेल्स किंवा पुण्यातल्या कॉर्पोरेट ऑफिसला जायचं असेल तर ब्लेझरचा विचार करा, तोही अंगात बसणारा असेल तरच.

वागण्याचं म्हणाल तर विचारून आत जा, सांगितल्यावर बसा, मोबाईल बंद करून बॅगेत. उत्तर येत नसेल तर "सर, हे मी केलेलं नाही" म्हणा, उगाच फेकाफेकी केली की पुढच्या प्रश्नाला पकडले जाता. आणि इंग्रजीत अडकलात तर सरळ विचारा, सर मराठीत सांगू का? जळगावच्या प्लांटमध्ये दिवसभर मराठी, हिंदी, अहिराणीच चालते, त्यात लाजायचं काय? आयटी कंपनीत मात्र इंग्रजीशिवाय सहसा भागत नाही, तिथं हा सल्ला लावू नका.

ब्लेझर दाजींना परत गेला. पुढच्या ठिकाणी पोरगा शर्टवर गेला आणि ट्रेनी म्हणून लागला. वडील स्टायपेंडवर नाराज आहेत, म्हणतात एवढ्यात शेतावर मजूर येत नाही. पोराला मात्र तिथंच राहायचंय, म्हणून पुढच्या आठवड्यात दोघांना परत बोलावलंय.