वाचकांचे प्रश्न : संग्रहालयाची वाट सगळ्यांसाठी

प्रश्न : आमच्या जुन्या चिरेबंदी घरात शेतीची अवजारे, मासेमारीचे सामान आणि भांडी मांडून छोटे संग्रहालय करतो आहोत. जोते दीड फूट उंच, एका टोकाला तीन पायऱ्या. दर्शनी बाजू चाळीस फूट, पण अंगण चौदाच फूट. मिस्त्री म्हणतो, सहा फुटांत रॅम्प काढून देतो. चालेल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. तो उतार १:४ होईल. चढताना व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघेल आणि उतरताना खुर्ची हातातून सुटेल. कमाल चढ १:१२, म्हणजे तुमच्या दीड फुटाला अठरा फूट. कोकणातला पाऊस धरून आम्ही १:१५ सुचवू, साडेबावीस फूट. अंगणात सरळ बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. ओटीला लागून समांतर न्या आणि वर पाच बाय पाच फुटांची सपाट जागा सोडून ओटीवर वळवा. रुंदी चार फूट, मोकळ्या कडेला चाक अडवायला चार इंच उंच कड, दोन्ही बाजूंना अडीच आणि तीन फुटांवर धरायच्या दोन-दोन दांड्या. असलेल्या पायऱ्या तोडू नका. कुबडी किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्या कित्येकांना उतारापेक्षा पायऱ्याच सोप्या जातात. तिथेही धरायला दांडी लावा.

आता खरी गोम. ओटीला लागून रॅम्प म्हणजे तो नेमका पागोळ्यांखाली येणार. आषाढात कौलांवरून पडणाऱ्या धारेची एक रेघ रॅम्पवर उमटते, तिथे आधी शेवाळ धरते आणि चाक तिथेच घसरते. म्हणून पन्हळ आधी, रॅम्प नंतर. वरचा थर जांभ्याचा ठेवू नका, घोटीव कडाप्पा तर नकोच. काँक्रीट ओले असताना खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. पाणी जायला जाळी बसवलीत तर तिच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि अर्ध्या इंचाच्या आत; नाहीतर पुढचे छोटे चाक अडकते. दांड्यांसाठी स्टेनलेस स्टील ३१६ दर्जाचे मागा, ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग येतात.

उंबरठा चार इंचांचा असेल तर तो कापायची गरज नाही. दोन्ही बाजूंना चार-चार फुटांच्या मरीन प्लायच्या उतरत्या फळ्या बसवा. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. आणि एक आग्रह : खुर्चीवरच्या पाहुण्याला मागील दाराने, न्हाणीवरून आत घेऊ नका. सगळ्यांना एकच दार.

प्रश्न : दृष्टिहीनांसाठी ब्रेल पाट्या लावल्या की पुरे ना?
– एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : पुरे नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही. त्यांना ऐकायला मराठीत, जमल्यास मालवणीतही, दीड-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण द्या आणि हातात वस्तू द्या. रोवळी, सूप, पायली, जाळ्याची वजने यांचे जादा नग बिनधास्त हाताळू द्या. दुर्मिळ नगाची प्रतिकृती करा. होडीसारख्या मोठ्या वस्तूपाशी आधी दोन फुटांचा नमुना ठेवा. दोन्ही हातांच्या आवाक्यात अख्खी होडी आली, उलांडी (होडीला तोल देणारा बाजूचा ओंडका) कुठे आणि किती लांब हे बोटांना कळले, की मगच खऱ्या फळीवर हात ठेवू द्या. उलटे केले तर माणूस एका फळीपाशीच हरवतो. टेबल अडीच-पावणेतीन फूट उंच, खाली गुडघे जायला जागा मोकळी.

ब्रेल पाटी करायचीच तर चिकटवलेले ठिपके नकोत, दमट हवेत सुटतात. पत्र्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये उठवून घ्या. बसवण्याआधी ब्रेल वाचणाऱ्याकडून तपासा. उलटी बसलेली पाटी डोळस माणसाच्या कधीच लक्षात येत नाही.

प्रश्न : सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि पिंगुळीची चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची कागदावरची चित्रे) मांडली आहे. म्हातारी माणसे म्हणतात, अंधार आहे, वाचता येत नाही. दिवा वाढवू का?
– एक कार्यकर्ते, कुडाळ

उत्तर : चित्रांवर वाढवू नका. कागदावरच्या रंगांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आसपासच प्रकाश सोसतो आणि उडालेला रंग परत येत नाही. माहितीची पाटी काचेबाहेर काढून तिला वेगळा दिवा द्या, त्याचा झोत काचेवर पडू देऊ नका. अक्षर किमान २४ पॉइंट, जाड वळणाचे. बारीक टायपात रफार आणि अनुस्वार आधी गायब होतात. कागद चकचकीत नको. पाटीचा मध्य जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर, म्हणजे उभ्यालाही आणि बसलेल्यालाही चालतो. उजेडातून अंधारात येताना डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून दालनाच्या तोंडाशी एक बाक ठेवा, हात टेकून उठता येईल असा, हातांचा.

प्रश्न : आमच्याकडे व्हीलचेअरवर कुणी येतच नाही. मग एवढा खर्च कशाला?
– एक विश्वस्त, दापोली

उत्तर : पायऱ्या बघून ते गाडीतूनच परत जातात, तुमच्या वहीत नोंद होणार कुठून? शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांसाठी खुली असलेली खासगी इमारतही सार्वजनिक इमारतच धरली आहे. पैसे कमी असतील तर आधी रॅम्प, मग स्वच्छतागृह : दार बाहेर उघडणारे, आत खुर्ची फिरायला पाच फुटांचा घेर, आणि तिथे बादल्या-खराटे ठेवायचे नाहीत.