चौथा उद्गार

"प्रार्थना तोंडपाठ आहे हो. पण मी बोलतेय कुणाशी, तेच कळेनासं झालंय."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे सांगून टाकलं. वय पन्नाशीच्या जवळ. प्राथमिक शाळेत शिक्षिका. माहेर नगरकडचं, घरात ख्रिस्ती विश्वासाची ही तिसरी पिढी. लग्नानंतर पुण्यात आल्या आणि चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या भगिनी सभेचं काम वीसेक वर्षं करत आल्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

ही काळजी घेऊन येणारे ख्रिस्ती लोक माझ्याकडे कमी नाहीत. कुणी म्हणतं, भक्तीला बसलं की मन कोरडं राहतं. कुणी म्हणतं, बाकीच्यांचे डोळे भरून येतात, माझे येत नाहीत. पण सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकाच प्रश्नावर होतो, आणि तो फार हळू आवाजात विचारला जातो: माझा विश्वास खोटा आहे का?

बाई ज्या कारणाने आल्या ते मात्र वेगळं होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. बाई दरवर्षी एक उद्गार घेतात. यंदा त्यांच्या वाट्याला चौथा आला होता: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तीन आठवडे उरले होते आणि कागद कोराच होता. "पहिला घेतलाय, तिसरा घेतलाय, कधी अडले नाही. आता पेन उचललं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं."

मी आधी झोपेचं विचारलं, मग भूक, वजन, शाळेत मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. अशा वेळी हे प्रश्न मी कधीच टाळत नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. त्याला विश्वासाची उणीव म्हणणं अन्याय आहे. बाईंचं तसं नव्हतं. वर्गातल्या पोरांच्या गमती सांगताना त्या हसत होत्या, जेवणखाण नीट होतं. प्रार्थनेला बसलं की तेवढी भिंत उभी राहायची.

दुसऱ्या भेटीत त्यांनी प्रार्थनेची वही आणली. दोनशे पानी, तपकिरी कव्हर घातलेली. डावीकडे तारीख, मधे विनंती, उजवीकडे उत्तर मिळालं की लाल पेनाचा ठिपका. भाचीची नोकरी, ठिपका. शेजारच्या काकांचं ऑपरेशन, ठिपका. सुंदर, गोल अक्षर. मी पानं उलटत होते आणि मधे एका ठिकाणी बोट अडलं. दोन पानं एकमेकांना स्टेपल केलेली होती. तीन बाजूंनी, अगदी जवळजवळ पिना मारून.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. मी वही मिटली.

मग हळूहळू कळलं. दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला. अकरा महिने अंथरुणावर होती. सगळी भगिनी सभा साखळी प्रार्थना करत होती. आई गेली. दहाव्या दिवशी भेटायला आलेल्या एका व्यक्तीने बाईंना सांगितलं, "तुमच्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला असेल." बाईंनी चहा दिला, मान हलवली, आणि पुढच्या रविवारी सभेत प्रार्थना चालवली.

इथे मी समुपदेशकाची अलिप्तता थोडी बाजूला ठेवली. ते वाक्य चूक होतं, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. शोकात बुडालेल्या माणसाकडे हिशेब मागायचा अधिकार कुणालाही नाही.

वहीतली एक विनंती मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. "हे सर्वसमर्थ, दयाघन स्वर्गीय पित्या, तुझ्या पवित्र इच्छेनुसार..." आवाज स्वच्छ होता, सभेत लागतो तसा. मी विचारलं, "आईशी कसं बोलायचात?"

बाईंचा चेहराच बदलला. "आईशी? तिच्याशी आमच्याकडचंच बोलणं. लई भांडायचे मी."

"भांडण झालं की?"

"आदळआपट करायचे. जेवायचे नाही. ती काही म्हणायची नाही. रात्री ताट वाढून झाकून ठेवायची."

"देवापुढे कधी आदळआपट केलीय?"

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्या म्हणाल्या, "देवाशी असं बोलतात का?"

बायबल त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून उत्तर मी त्यांच्याकडेच शोधायला दिलं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं. त्यांतली कितीतरी गाऱ्हाण्याची. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, शेवटी आभार नाहीत, दिलासा नाही. तरी ते काढून टाकलेलं नाही. आणि चौथा उद्गार? मार्काने शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, ग्रीक भाषेत लिहिलं, पण हे वाक्य त्याने आधी येशूच्याच अरामी बोलीत ठेवलं, "एलोई, एलोई, लमा सबखथनी", आणि मग अर्थ दिला. "का ठेवलं असेल?" एवढंच मी विचारलं. बाई पुटपुटल्या, "त्याच्या घरचे शब्द आहेत ते."

त्याच दिवशी आम्ही पंडिता रमाबाईंबद्दल बोललो, कारण बाईंची आजी त्यांच्याविषयी सांगायची. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृत शास्त्रांत इतकी पारंगत बाई. त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या कहाणीत, लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. आणि याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत. बाई ऐकून गप्प झाल्या. "आठ वर्षं," एवढंच म्हणाल्या.

रमाबाईंचं उदाहरण मी औषधाच्या गोळीसारखं देत नाही. त्यांना पुढे मोठा आनंद लाभला, तसा सगळ्यांना लाभतोच असं नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांनी हा कोरडेपणा सोसला होता आणि तरीही रोज पहाटे त्या प्रार्थनेला बसत होत्या. त्यामुळे भावना परत येईल असं वचन मी कुणाला देत नाही. एवढंच सुचवते, की देवापुढे जाताना जे घरी ठेवून जाता, ते एकदा बरोबर नेऊन पाहा.

बाईंना दिलेला गृहपाठ साधा होता. दिवसातून दहा मिनिटं, एकट्याने, मोठ्याने, वहीशिवाय, माहेरच्या बोलीत. पहिला आठवडा काहीच जमलं नाही. "हे सर्वसमर्थ"च्या पुढे गाडी जाईना. दुसऱ्या आठवड्यात कणीक मळता मळता त्यांच्या तोंडून निघालं, "देवा, लई राग आलाय मला तुझा." मग परात तशीच ठेवून त्या ओट्याशी उभ्या राहून रडल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

त्या आठवड्यातल्या भेटीत त्यांनी स्वतःहून वही काढली. पिना एकेक करून नखाने उचकटल्या, टेबलावर ओळीने ठेवल्या. मी मधे बोलले नाही. आतल्या पानावर आई गेली त्या रात्रीची तारीख होती. गोल अक्षर नव्हतं, पेन कागदात रुतलेलं. "सर्वसमर्थ" नाही, "दयाघन" नाही. एकच ओळ होती:

देवा नको ना नेऊ तिला

बाई ती ओळ कितीतरी वेळ बघत होत्या. "ही फसलेली प्रार्थना म्हणून मी बंद करून टाकली होती," त्या म्हणाल्या. "पण या सगळ्या वहीत मी त्याच्याशी बोललेली एवढीच एक ओळ आहे."

ईस्टरनंतरच्या मंगळवारी त्यांचा फोन आला. उत्तम शुक्रवारी त्या चारच मिनिटं बोलल्या होत्या, कागद न घेता. वाक्य आधी बायबलमधलं वाचलं, आणि मग आपल्याकडच्या बोलीत म्हटलं: "देवा, मला का रं सोडलंस?" आईचंही सांगितलं, त्या ओळीचंही. सभा सुटल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, बाईंचा हात धरून नुसते उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला होता.

"आता बरं वाटतं का?" मी विचारलं.

"रोज नाही. काल परत कोरडंच होतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण मी त्याला तसं सांगितलं."

त्या ओळीपुढे ठिपका द्यायचा की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. त्यावर बोलायला त्या जूनमध्ये येणार आहेत, शाळा सुरू झाली की.