बस स्टॉप आहे म्हणजे बस आहे असं नसतं (इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या कॉटेजबद्दल)

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. बर्मिंगहॅमचा फ्लॅट सोडून लडलोजवळच्या खेड्यात कॉटेज, भाडं कमी, घरासमोर बस स्टॉप, आणि तुम्ही म्हणता की "भारतातलं लायसन्स आहेच, लागली तर माझ्यासाठी सेकंडहँड गाडी घेऊ". अहो, हे शब्दशः आमचंच. बाकी शांतता, मेंढ्या, शेजारी वगैरे सगळे सांगतीलच, मी फक्त माझा गाढवपणा सांगते.

आमच्याही घरासमोर स्टॉप होता. बस आठवड्यातून दोन दिवस, सकाळी एक जाते, दुपारी एक येते, संपलं. दुकान नाही, पोस्ट ऑफिस म्हणजे व्हिलेज हॉलमध्ये आठवड्यातून दोन तास. म्हणजे गाडी ही चैन नाही, किराणा आहे.

तर लायसन्स. भारतातल्या लायसन्सवर इथे १२ महिनेच चालवता येतं, तेही तुम्ही राहायला आलात त्या दिवसापासून, गाडी घेतली त्या दिवसापासून नाही. मी काय केलं, नवव्या महिन्यात पुण्याला गेले होते तेव्हा आरटीओतून नवीन इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणलं आणि समजले की वर्ष वाढलं. तरी खात्री करायला इन्शुरन्सवाल्यांना फोन केला, तर तिथल्या माणसाने "परमिटवर तारीख आहे ना, मग चालेल" असं बिनधास्त सांगितलं. चौदाव्या महिन्यात रिन्यूअलला दुसऱ्या बाईने विचारलं, तुम्ही यूकेत कधीपासून राहता? मी तारीख सांगितली आणि फोनवर जी शांतता पसरली ती अजून आठवते. परमिटने एक दिवसही वाढत नाही. दोन महिने मी बेकायदा, मुलीला मागे बसवून चालवत होते. काही झालं असतं तर? जाऊ दे. आधीच्या माणसाने काय सांगितलं त्याची नोंद "सापडत नाही" म्हणे. तेव्हापासून मी सगळं ईमेलवरच मागते.

माझी गाडी सात महिने दारात उभी. प्रोव्हिजनल, म्हणजे इथलं शिकाऊ लायसन्स, काढलं (ऑनलाइन ३४ पाउंड), थिअरी झाली, ५० पैकी ४३ लागतात, त्यात अवघड काही नाही, पण प्रॅक्टिकलची तारीखच मिळेना. आणि सगळ्यात चीड कशाची, मिस्टरांनी दहाव्या महिन्यातच टेस्ट पास केली होती, तरी ते माझ्या शेजारी बसून सराव घेऊ शकत नाहीत, कारण बाजूच्याकडे लायसन्स येऊन ३ वर्षं झालेली लागतात! मग इन्स्ट्रक्टर, आणि तो लडलोहून येणार म्हणून त्याच्या वेळेप्रमाणे आपण. पहिल्यांदा नापासही झाले. अरुंद गल्लीत समोरून घोडेस्वार आली आणि मी नीट हळू केलं नाही. घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या आतल्या वेगाने आणि किमान २ मीटर सोडून जायचं असतं, लक्षात ठेवा. त्या काळात एक चांगली पार्टटाइम नोकरीही गेली.

माझं स्पष्ट मत: प्रोव्हिजनल आजच काढा, घर फायनल व्हायच्या आधी. आणि टेस्ट मॅन्युअलवरच द्या. ऑटोमॅटिकवर पास झालात तर मॅन्युअल चालवता येत नाही, आणि खेड्यात स्वस्त गाड्या बहुतेक मॅन्युअलच मिळतात. मी काही वकील नाही, नियम बदलतात, सरकारी साइटवर स्वतः बघून घ्या.

आता आठवलं म्हणून, शाळा निवडताना जपून. आठ वर्षांखालच्या मुलाला २ मैलांपेक्षा लांब शाळा असली तर काउन्सिल (तिथली स्थानिक नगरपालिका म्हणा) फुकट ने-आण करते, पण ती जवळातली जवळची योग्य शाळा असेल तरच. आम्ही "चांगल्या" शाळेच्या नादाला लागलो नाही म्हणून त्या सात महिन्यांत मुलीची शाळा तरी बुडली नाही.

घर गरम करायला तिथे बहुधा रॉकेल असेल, हो रॉकेलच, बाहेर मोठी टाकी. ऑर्डर सहसा कमीत कमी ५०० लिटरची असते, एकदम पैसे भरावे लागतात, आणि विजेला-गॅसला सरकारी प्राइस कॅप (दराची कमाल मर्यादा) आहे तशी याला नाही. गावात चार घरं मिळून मागवतात, त्यांच्यात घुसा. सेप्टिक टँक असेल तर तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका.

तुम्ही बर्मिंगहॅमला पाच महिने झाले म्हणालात ना, म्हणजे तुमचे सातच उरलेत. मिस्टरांचेही मोजा, ते आधी आले असतील तर त्यांचे अजून कमी.