नवरा वारला, पदरात दोन लहान मुलं आहेत, लाडकी बहीण सोडून सरकारकडून अजून काय मदत मिळू शकते?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच आली नाही बघा. मालक गवंडीकाम करायचे, चार महिन्यांपूर्वी आजारपणात गेले, मुलगी तिसरीला, मुलगा अडीच वर्षांचा, तुम्ही घरी शिवणकाम करताय आणि ज्याला विचारावं तो लाडकी बहीणच सांगतो. बाकी पण आहे ताई, बरंच आहे. मी यातूनच गेलीये. माझे मिस्टर २०१९ ला गेले तेव्हा मोठी सात वर्षांची आणि धाकटा तीन वर्षांचा होता, आम्ही मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहतो, आणि पहिलं वर्ष माझं नुसतं चकरा मारण्यात गेलं कारण कुठला कागद आधी काढायचा हेच कोणी सांगितलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी घरातली बँकेची पासबुकं काढा, मालकांच्या नावची. मे किंवा जूनच्या आसपास ४३६ रुपये कटलेत का बघा. कटले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, मृत्यू कशानेही झालेला असो, वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये कटलेले दिसले तर तो अपघात विमा, आजारपणात गेलेत म्हणजे तो तुम्हाला लागू नाही. खूप घरांत माहीतच नसतं की असा विमा आहे, खातं उघडताना बँकेवाल्याने सही घेतलेली असते आणि दरवर्षी पैसे जात असतात. पासबुक भरून घ्या, नीट बघा, आणि ज्या बँकेत खातं आहे तिथेच मृत्यूचा दाखला घेऊन जा. उशीर करू नका.

दुसरं, ते गवंडी होते म्हणालात. बांधकाम कामगार मंडळात नोंद केली होती का? घरात एखादं स्मार्ट कार्ड, भांड्यांची पेटी, सेफ्टी किट असं काही मिळालेलं असेल तर नोंद असणार. नोंदणी चालू असेल म्हणजे दरवर्षी रिन्यू केलेली असेल तर नैसर्गिक मृत्यूला वारसाला २ लाख, आणि विधवा पत्नीला वर्षाला २४ हजार असे पाच वर्षं मिळतात. मुलांना शाळेसाठी पण आहे, पहिली ते सातवी वर्षाला अडीच हजार, आठवी ते दहावी पाच हजार, पहिल्या दोन मुलांना, तुमची दोनच आहेत. माझ्या मिस्टरांची नोंद नव्हती, ते शेतमजूर होते, त्यामुळे मला यातलं काही मिळालं नाही, पण आमच्या गल्लीतल्या एका वहिनीला मिळालंय, मी स्वतः तिच्यासोबत गेले होते.

आता मुलांचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जे कोणीच सांगत नाही. बाल संगोपन योजना. हल्ली तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना म्हणतात. आई किंवा वडील, दोघांपैकी एक जरी गेलेलं असेल तरी मुलाच्या नावाने पैसे मिळतात, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. मला चालू झालं तेव्हा महिना ४२५ रुपये होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५० झालेत एका मुलाला. म्हणजे तुमच्या दोघांचे मिळून साडेचार हजार होतात, लाडकी बहीणच्या तिप्पट! आणि तरी गावात विचाराल तर दहातल्या नऊ जणींना हे नावच माहीत नसतं, कारण अर्ज तहसीलला नसतो, तो जिल्ह्याला महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात असतो, आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. मुलांना घेऊन समितीपुढे जावं लागतं. घाबरू नका, ते प्रेमाने विचारतात, शाळेत जातेस का, आई मारते का, असंच. मृत्यूचा दाखला, मुलांचा जन्मदाखला आणि आधार, तुमचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलीचं शाळेचं बोनाफाईड, मुलासोबतचं जॉइंट बँक खातं, आणि घराच्या दारात तुम्ही मुलांना घेऊन उभ्या आहात असा एक फोटो, हे मला लागलं होतं. दोन्ही मुलांची फाइल वेगवेगळी करायची, हे मला माहीत नव्हतं आणि त्यापायी एक फेरी फुकट गेली, शंभर किलोमीटर जाऊन येऊन.

एक खरं सांगते, हे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. सहा सहा महिने काहीच येत नाही आणि मग एकदम जमा होतात. त्यावर किराणा उधार आणू नका. मी ते शाळेची फी, दप्तर, आजारपण यालाच ठेवते.

आता तुमच्यासाठी संजय गांधी निराधार. महिना १५०० रुपये, विधवेला मिळतात, अर्ज तहसीलला किंवा सेतूवर. पण यात आणि लाडकी बहीणमध्ये एकच घेता येतं, दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० मिळत असतील तर लाडकी बहीण बसत नाही, हे आधी लक्षात घ्या, नाहीतर लोक दोन्हीकडे फॉर्म भरतात आणि मग वसुलीच्या भीतीने हैराण होतात. तुम्हाला लाडकी बहीण चालू असेल तर निराधारसाठी धावायची घाई नाही, रक्कम सारखीच आहे. बाल संगोपन मुलांच्या नावचं आहे, ते वेगळं, मला निराधार चालू असताना मुलांचं मंजूर झालं, कोणी अडवलं नाही.

निराधारला उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार आहे. २१ हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे! दोन लेकरं घेऊन साडेसतराशेत कोण जगतं सांगा. शिवणकाम करणारी बाई त्यापेक्षा थोडं जास्त कमावते म्हणजे ती काय सुखात आहे? ही अट वाढवायला पाहिजे असं मी ग्रामसभेत दोनदा उठून बोललीये. उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) स्वतः जा, घरची परिस्थिती खरी खरी सांगा, नवरा वारलाय हे सांगा, कारण जुन्या दाखल्यात मालकांचं उत्पन्न धरलेलं असतं आणि तोच आकडा पुढे चालू राहतो.

आणि एजंटला एक रुपया देऊ नका. माझ्याकडून एकाने तीन हजार घेतले होते, मंगळसूत्रातले मणी मोडून दिले मी, आणि नंतर कळलं त्याने फॉर्म भरलाच नव्हता. अर्ज दिला की पोच घ्यायची, शिक्का मारून, तारखेसकट. माझी फाइल एका ऑफिसात सापडत नाही म्हणाले तेव्हा ती पोचच कामाला आली, पोच दाखवल्यावर दहा मिनिटांत फाइल सापडली.

अजून एक, मालक गेल्याचे २० हजार एकरकमी मिळतात, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना म्हणतात, घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर. हा अर्ज पण तहसीलच्या त्याच संजय गांधी शाखेत असतो, एकाच दिवशी दोन्ही विचारून या.

धाकट्याला अंगणवाडीत घाला, आत्ताच नाव नोंदवा. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायला आहार देतात, तीननंतर तिथे गरम जेवण मिळतं, आणि वजन-उंची बघतात. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला डॉक्टरांची गाडी येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. माझ्या नणंदेच्या पोरीच्या हृदयाला छिद्र होतं ते अशाच तपासणीत सापडलं आणि ऑपरेशन फुकट झालं, आज पोरगी पळतेय. आजारपणाला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं, पण दवाखाना योजनेत आहे का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर जेवण, पुस्तकं, गणवेश मिळतंच. आठवीत गेली की एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांच्या सरकारी स्कॉलरशिपची परीक्षा द्यायला लावा, पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार स्कॉलरशिप आहे. माझी मोठी यंदा बसतेय, रोज पहाटे उठते. मुलगा सहा वर्षांचा झाला की आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) फॉर्म भरा, खासगी शाळेत २५ टक्के जागा मोफत असतात, खुल्या गटात असाल तर उत्पन्न लाखाच्या आत लागतं, लॉटरीत नंबर लागतो, माझ्या धाकट्याचा लागला नाही पण तुमचा लागू शकतो. मुलींसाठीची लेक लाडकी योजना मात्र तुमच्या मुलीला नाही मिळणार, ती १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलींनाच आहे.

पैसे कुठल्या खात्यात येतील याचं पण बघून घ्या. नुसतं आधार लिंक असून भागत नाही, बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येतात त्यासाठी) आधार सीडिंग म्हणजे आधारची जोडणी कुठल्या खात्याला आहे ते विचारा, शेवटी ज्या खात्याला जोडलं असेल तिथे पैसे जातात. माझे चार हप्ते एका बंद पडल्यागत खात्यात जाऊन बसले होते आणि मी तिकडे सगळ्यांना शिव्या घालत होते.

आणि हे सरकारी अर्ज करायच्या आधी रेशनकार्ड काढून बघा. मालकांचं नाव कमी करून तुम्ही कुटुंबप्रमुख झालात का, आणि धाकट्याचं नाव चढलंय का. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य असतं, नाव नसेल तर त्याचं धान्य तर जातंच, पण दवाखान्यात आणि बाल संगोपनच्या फाइलला पण तेच कार्ड मागतात. सासूबाई पासष्टच्या पुढे असतील तर त्यांचं श्रावणबाळ (वयस्कर माणसांची पेन्शन) चालू आहे का ते पण त्याच फेरीत विचारून या. कार्डात काय दिसतं ते इथे खाली लिहा, नाव चढवायचं राहिलं असेल तर पुरवठा विभागात काय काय द्यायचं ते मी सांगते.