त्या पाकिटात नेपियर असणं शक्यच नव्हतं

प्रश्न : ताई, गेल्या मे महिन्यात बाजारात एकाने चाऱ्याच्या गवताचं, ‘संकरित नेपियरचं बी’ म्हणून पाकीट दिलं. ओळीत पेरलं, पावसाळा सरला, पण नेपियरचा एक कोंब दिसला नाही. विकणारा म्हणतो, तुमची मातीच वाईट. घरचे म्हणतात, हे जनुकं बदललेलं गवत, गाईंना नकोच. गोठ्यात दोन संकरित गाई आणि एक गावठी आहे. काय करू?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : दादा, तुमच्या मातीचा काही दोष नाही. संकरित नेपियरला पेरण्याजोगं बी धरतच नाही. त्या पाकिटात काय होतं कोण जाणे, पण नेपियर नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगते. कष्टाच्या पैशाने चारा लावणाऱ्याला असं फसवलं की फार राग येतो.

बी का धरत नाही, ते सांगते. हे गवत म्हणजे बाजरी आणि हत्तीगवत (म्हणजे साधं नेपियर) यांचा संकर. बाजरीची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, १४; हत्तीगवताची २८. दोघांकडून निम्मी निम्मी, म्हणजे ७ आणि १४, मिळून लेकराकडे २१ येतात. बी तयार व्हायचं तर गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळाव्या लागतात. २१ च्या जुळत नाहीत. म्हणून ते वांझ. घरच्यांना हेही सांगा, की इथे बाहेरचं जनुक घातलेलं नाही. एका फुलाचं परागकण दुसऱ्यावर घेऊन हा संकर होतो. बाजरीकडून कोवळेपणा आणि सकस पानं, हत्तीगवताकडून वर्षानुवर्षं फुटत राहणारा ठोंब.

तेव्हा लावायची ती कांडी. कोइमतूरची सीओ-४ किंवा राहुरीची फुले जयवंत या जातींपैकी एक, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. तीन महिन्यांच्या धाटाची दोन डोळ्यांची (कोंब फुटायच्या जागांची) कांडी कापा, एक डोळा मातीत, एक वर, तीन बाय दोन फुटांवर. पहिली कापणी साधारण ७० दिवसांनी, पुढच्या ४५ दिवसांनी, जमिनीपासून चार बोटं सोडून. अगदी कोवळं कापू नका. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते गाईच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या गाईला ते महागात पडतं. शिवाय नुसतं नेपियर घालू नका. पेंढा हवाच, आणि चवळीचा पाला किंवा बांधावरचा ग्लिरिसिडिया मिसळा.

पण आपल्या गोव्यात खरी अडचण पाण्याची. माझी डिचोलीतली पहिली लावणी जुलैत कुजली, कारण मी ती मळ्यात सपाटीवर केली होती. नेपियरच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. तेव्हापासून मी वरंबे घालते. जिथे पाणी हटतच नाही, तिथे पॅरा गवत बरं.

कुळागरात (सुपारीच्या बागेत) किंवा माडांखाली सावली असेल तर गिनी गवत लावा. त्याचं बी मात्र खरंच पेरता येतं. त्या बियातला गर्भ बहुतेक वेळा परागाशी संयोग न होता आईच्याच पेशीतून तयार होतो, म्हणून रोप हुबेहूब आईसारखं येतं. शेतकऱ्याला ही सोय. नवी जात काढणाऱ्या शास्त्रज्ञाला मात्र याच स्वभावामुळे संकर करणं जड जातं.

त्या रिकाम्या ओळी मोडू नका. त्यांवरच माती ओढून वरंबे करा, शेणखत घाला, आणि जूनच्या पहिल्या सरींना कांड्या लावा.