वादळानंतरचा जनरेटर

प्रश्न : आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी दिवस अंधारात काढले. आता छोटा जनरेटर घेतलाय. त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचली तर चालेल का?

उत्तर : नको हो ताई! मी ३० वर्षं लाइनवर काम केलंय. मेन स्विच चालू राहिला, तर तुमची वीज उलटी डीपीत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि पलीकडे ११ हजार व्होल्टपर्यंत चढते. खांबावरच्या वायरमनला वाटतं, तार बंद आहे. माझा जोडीदार असाच भाजला. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच काहीतरी जोडलेलं राहतं. तोवर फ्रिज थेट जनरेटरलाच जोडा. आणि जनरेटर अंगणातच, खिडक्यांपासून लांब. पडवीतसुद्धा नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.