बस कोणती पकडावी?

प्रश्न : मी नौपाड्यात राहते, वय ४३, गेली तीन वर्षे नियमित धावते. १० किलोमीटरची माझी आजवरची सर्वोत्तम वेळ ६४ मिनिटे आहे. गेल्या हिवाळ्यात एका अर्धमॅरेथॉनमध्ये मी २ तास १५ मिनिटांच्या पेसरबरोबर (म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत संपवण्यासाठी झेंडा घेऊन एकसारख्या वेगाने धावणाऱ्या सोबत्याबरोबर) धावले. पहिले १० किलोमीटर अगदी मजेत गेले. सोळाव्या किलोमीटरला मात्र पेसरचा झेंडा पुढे निघून गेला आणि मी रडतखडत २ तास २७ मिनिटांनी पोहोचले. पेसर सुरुवातीला फार वेगात गेला असावा, असा माझा संशय आहे. पेसरच्या भरवशावर धावावे की नाही?

उत्तर : पेसरला बोल लावण्याआधी आपल्याच पत्रातील एक आकडा पुन्हा पाहावा. २१.०९७५ किलोमीटर २ तास १५ मिनिटांत संपवायचे तर प्रत्येक किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद मिळतात. या हिशेबाने ५ किलोमीटरची पाटी बत्तिसाव्या मिनिटाला आणि १० किलोमीटरची पाटी चौसष्टाव्या मिनिटाला यायला हवी. म्हणजे पेसरने आपले काम चोख केले असे धरले, तरी त्या सकाळी आपण पहिले १० किलोमीटर आपल्या सर्वोत्तम वेळेतच धावलात आणि तेव्हा अकरा किलोमीटर अजून बाकी होते! पहाटेचा गारवा, आजूबाजूची गर्दी आणि चौकातला ढोल-ताशा यांच्या जोरावर ही उधारी चढताना कळत नाही. तिची वसुली सोळाव्या किलोमीटरला सुरू होते.

पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याने मांडलेले एक सूत्र धावपटूंमध्ये बरेच वापरले जाते. त्यानुसार १० किलोमीटर ६४ मिनिटांत धावणाऱ्या व्यक्तीने अर्धमॅरेथॉनची अपेक्षा सुमारे २ तास २१ मिनिटांची ठेवावी. २:१५ साठी १० किलोमीटर ६१ मिनिटांच्या आसपास धावता यायला हवे. सूत्र काही पंचांग नव्हे, पण आपला अनुभव त्याच्याशी जुळतो. अडचण अशी की पेसर बहुधा १५ मिनिटांच्या अंतराने असतात, त्यामुळे २:२१ ची बस आपल्याला मिळणार नाही. (आपल्याकडे पेसरच्या घोळक्याला धावपटू सर्रास ‘बस’ म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो, कारण बस आपल्या वेळेने जाते, प्रवाशाच्या दमाने नव्हे.) माझा सल्ला असा की २:३० च्या बसमध्ये बसावे, चार किलोमीटर तिच्या दर किलोमीटरला ७:०७ मिनिटांच्या वेगाने निमूट काढावेत आणि मग उतरून पुढचे सगळे अंतर ६:३५ च्या आसपास एकटीने धावावे. बेरीज २:२१ चीच होते, आणि सुरुवातीच्या गर्दीत वाट काढण्याची कटकटही वाचते.

सुरुवातीच्या रेषेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या अर्धमॅरेथॉनमध्ये स्वच्छतागृहाच्या रांगेत उशीर झाला आणि पेसर निघून गेल्यावर दोन मिनिटांनी मी रेषा ओलांडली. ती दोन मिनिटे भरून काढण्यासाठी मी पहिले तीन किलोमीटर लोकांना कोपर लावत पळालो, झेंडा गाठला आणि पुढे दहाव्या किलोमीटरलाच धाप लागली. वास्तविक काहीही गाठायचे नव्हते. बिबवरील (छातीवरच्या क्रमांकपट्टीवरील) चिप आपली वेळ आपण रेषा ओलांडल्यापासून मोजते. त्यामुळे दोन मिनिटे मागून निघालेला मनुष्य शेवटपर्यंत झेंड्यामागे दोन मिनिटे राहिला, तरी त्याची वेळ पेसरइतकीच भरते.

पेसर वेगात गेल्याचा भास घड्याळामुळेही होतो. शर्यतीचा मार्ग वळणांच्या आतल्या, सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो. आपण मात्र माणसे चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे जात नागमोडी धावतो आणि घड्याळ शेवटी २१.४ किलोमीटरसुद्धा दाखवते. तेवढे अंतर २:१५ मध्ये बसवायचे तर घड्याळात ६:१९ दिसावे लागते. म्हणून पेसरची पारख घड्याळावर करू नये, रस्त्यावरील पाट्यांवर करावी.

पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर पहिल्याच टेबलावर सारी बस तुटून पडते, पायाखाली बाटल्या लोळतात आणि कोणीतरी अचानक थांबतो. त्याच थांब्याच्या शेवटच्या टेबलावरून पाणी घ्यावे. तिथे पाणी देणाऱ्यांचे हात रिकामे असतात.

चढावर पेसर काय करणार आहे, हे त्याला आधीच विचारावे. काही पेसर चढावरही तोच वेग धरतात, काही जण तिथे दहा-पंधरा सेकंद सोडून उतारावर वसूल करतात. मला दुसरी पद्धत पटते. मुंबई मॅरेथॉनच्या पेडर रोडवर झेंड्याला चिकटून राहण्याच्या हट्टाने दमलेले लोक मी पाहिले आहेत. सराव आपल्या घराजवळच होईल : उपवनहून येऊरकडे चढताना घड्याळ झाकून ठेवावे आणि एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल एवढ्याच जोराने धावावे. सपाटीवर एकसारखा वेग राखण्याची सवय करायची असेल, तर एखाद्या रविवारी पहाटे नवी मुंबईतला पाम बीच रस्ता गाठावा.

तेव्हा पेसरच्या भरवशावर जरूर धावावे, पण वेळ आपली असावी. एलिउड किपचोगे यांनी १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले, तेव्हा ४१ पेसर आळीपाळीने त्यांच्या दिमतीला होते. मध्येच बदलणाऱ्या या पेसरांमुळे ती वेळ जागतिक विक्रम म्हणून धरली गेली नाही. तरी इतक्या जणांचा वारा-आडोसाही त्या वेगाचे पाय नसलेल्या माणसाच्या उपयोगी पडला नसता.

प्रश्न : माझी अर्धमॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ २ तास ८ मिनिटे आहे. मित्रांनी मला २:१५ चा पेसर होण्याचा आग्रह केला आहे. मान्य करू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : यंदा नको. सात मिनिटांची सवड अपुरी आहे. दमट सकाळी तीही उरत नाही आणि पेसरला धावताना बोलायचे, मागे पाहायचे, पाठीवरची झेंड्याची काठी सांभाळायची असते. २:३० चा झेंडा मागून घ्या, आणि त्याआधी दोन लांब सराव काठी पाठीला बांधूनच करा. वारा सुटला की ती मान कशी ओढते, हे घरी कळत नाही.